पेशी स्वतःची उत्क्रांती स्वतः ठरवते का? जिवाणू, बोंडअळी आणि ईश्वराची योजना

गोदाकाठ (परभणी)

मंडळी, आमच्या ओळखीच्या शिक्षकांच्या गटावर सध्या एक वाद चाललाय. एका सरांनी लिहिलं, "डार्विनवादी म्हणतात की बदल आंधळेपणानं होतात. आता विज्ञानालाच कळलंय की पेशी गरज ओळखून आपली जनुकं बदलते. म्हणजे पेशीला बुद्धी आहे. आणि बुद्धी आहे तर ती देणाराही आहे." निम्म्या गटानं हात जोडले, उरलेले गप्प बसले. मला गप्प बसवेना, म्हणून हा धागा.

यातलं ईश्वराचं वाक्य मी तूर्त बाजूला ठेवतो. पहिलं वाक्य मात्र तपासता येतं, आणि ते तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये.

प्रश्न असा आहे: गरज पडली म्हणून बदल झाला, की बदल आधीच होऊन बसला होता आणि गरज पडल्यावर कामी आला? याचा निकाल लावणारा प्रयोग १९४३ सालचा. साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू घेतला आणि त्याला मारणारा एक विषाणू घेतला. विषाणू सोडला की जवळजवळ सगळे जिवाणू मरतात, मोजके तगतात, आणि तगलेल्यांची पुढची पिढीही तगते. दोघांनी मोजक्या जिवाणूंपासून सुरुवात करून पुष्कळ नळ्या वेगवेगळ्या वाढवल्या आणि मग प्रत्येक नळीतला माल विषाणू पसरलेल्या ताटलीवर (जिवाणू वाढवायच्या चपट्या बशीवर) पसरला. विषाणूशी गाठ पडल्यावरच बदल घडत असता, तर सगळ्या ताटल्यांत तगणाऱ्यांचे आकडे साधारण जवळजवळ यायला हवे होते. तसं झालं नाही. बऱ्याच ताटल्यांत शून्य, काहींत दोन-चार, आणि मधेच एखादीत शंभराच्या वर. ज्या नळीत बदल लवकर झाला, तिथं त्याचा वंश विषाणू येण्याआधीच वाढून बसला होता. या आणि पुढच्या कामासाठी दोघांना १९६९ चं नोबेल मिळालं, सोबत आल्फ्रेड हर्शी हे तिसरे शास्त्रज्ञ होते.

१९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी हीच गोष्ट आणखी स्वच्छ दाखवली. मखमली कापडावर ताटलीचा ठसा घ्यायचा आणि तो दुसऱ्या ताटल्यांवर उमटवायचा. त्यांनी अशा ठशांच्या आधारे मूळ ताटलीतून असे जिवाणू वेचून काढले की ज्यांना विषाणूचा किंवा औषधाचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता, तरी ते प्रतिकारक होते.

मग १९८८ मध्ये जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांचा 'नेचर'मधला लेख आला आणि झाकलेला प्रश्न पुन्हा उघडला. लॅक्टोज पचवू न शकणारे जिवाणू फक्त लॅक्टोजवर उपाशी ठेवले, तर काही दिवसांत लॅक्टोज पचवणारे दिसू लागले, आणि ते गरज असेल तेव्हाच जास्त दिसतात असं त्यांना वाटलं. आमच्या सरांचं वाक्य बहुधा इथूनच निघालंय. त्या लेखावर पुढं वर्षानुवर्षं काम झालं. निघालं ते असं: उपासमारीत जिवाणूची 'एसओएस' ही संकटकाळातली यंत्रणा जागी होते, डीएनएची नक्कल करणारं एक चुकार विकर (एन्झाइम) कामाला लागतं, आणि चुका सगळीकडे वाढतात. ज्या जनुकांची काही गरज नव्हती तिथंही बदल सापडले. दुसऱ्या एका गटाचं म्हणणं, अर्धवट चालणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढत जातात आणि त्यामुळं बदलाला जागा जास्त मिळते. दोन्ही स्पष्टीकरणांवर अजून खल होतो, पण 'नेमकं हवं तेच जनुक बदलायचं' असं जिवाणू ठरवतो, हे कुणी दाखवू शकलं नाही.

म्हणून माझं मत: संकटात पेशी बदलाचा वेग वाढवू शकते. कोणता बदल उपयोगी पडेल हे तिला ठाऊक नसतं.

---

काळं रान (मानवत)

सर, ताटलीतलं समजलं. आता आमच्या रानातलं सांगतो. बीटी कपाशी आली तवा आमचे वडील म्हणाले, अळीची कटकट मिटली. खरंच फवारणी बरीच कमी झाली. दोन-चार वर्षं बरी गेली. मग हळूहळू बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. २०१७ ला तर डोमकळ्याच डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं), आणि वेचायला गेलं तर कवडी, म्हणजे किडका कापूस. लोकांनी उभ्या पऱ्हाटीवर रोटाव्हेटर फिरवला.

आता मला एवढंच विचारायचंय. विष कंपनीनं झाडातच घातलं, आणि अळीनं नेमकी त्याच विषाची तोड काढली. दुसऱ्या कशाची नाही, त्याचीच. तिच्या अंगातल्या पेशीला काहीच कळत नसंल तर हे जमलं कसं?

---

गोदाकाठ (परभणी)

दादा, या धाग्याला यापेक्षा चांगला प्रश्न मिळाला नसता. सविस्तर लिहितो.

बीटीचं विष अळीच्या आतड्याच्या पेशीवरच्या एका प्रथिनाला चिकटतं, कॅडहेरिन त्याचं नाव. तिथून पेशीला भोकं पडतात आणि अळी मरते. कॅडहेरिन मोडकं असलं की विषाला पकड मिळत नाही. आपल्याकडच्या प्रतिकारक गुलाबी अळ्या तपासल्या तेव्हा हे जनुक एकाच ठरलेल्या जागी बदललेलं नव्हतं. कुठं तुकडा गळालेला, कुठं जोडणी चुकलेली, अशा तऱ्हेतऱ्हेच्या मोडतोडी निघाल्या. कुणी योजून केलेलं काम असं दिसत नाही. जी मोडतोड जगवून गेली ती उरली, बाकीच्या अळ्या बोंडातच मेल्या आणि आपल्याला दिसल्या नाहीत. आपल्याला फक्त उरलेल्या दिसतात, म्हणून 'नेमकी तोड काढली' असं वाटतं.

पण माझ्या मते निर्णायक पुरावा दुसरा आहे. तीच गुलाबी बोंडअळी अमेरिकेत ॲरिझोनातही होती. तिथं १९९६ पासून बीटी कपाशी, विष तेच. प्रयोगशाळेत तिथल्या अळ्यांमध्येही प्रतिकार देणारी जनुकं सापडली, म्हणजे 'तोड' त्यांच्याकडंही होती. तरीही शेतात ती अळी उलटली नाही, म्हणजे बीटीला पुरून उरली नाही. कारण तिथल्या शेतकऱ्यांनी बीटीशेजारी साधी कपाशी ठेवली. साध्या कपाशीवर वाढलेले भोळे (विषाला बळी पडणारे) पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगले. प्रतिकाराचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच बहुतेक उपयोगी पडतो, त्यामुळं अशी पिल्लं बीटीवर मेली. २००६ पासून त्यांनी नसबंदी केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं.

एकच कीड, एकच विष. भारतात २००८ च्या सुमारास गुजरातेत पहिल्या बीटीला प्रतिकार दिसला, २०१४-१५ पर्यंत दोन जनुकांच्या बीटीलाही. ॲरिझोनात नाही. पेशी स्वतःची दिशा ठरवत असती तर तिथल्या अळीच्या पेशीनं का नाही ठरवली? गरज तर दोन्हीकडं तितकीच जीवघेणी होती. फरक अळीच्या आत नव्हता, शिवारात होता.

आणखी एक बघा. तुमच्याच रानात अमेरिकन बोंडअळीही होती. ती गुलाबीसारखी उलटली नाही. ती तुरीवर, हरभऱ्यावरही जगते आणि आपल्याकडं तुरीची ओळ कुठंही असते, म्हणजे तिच्या भोळ्या पतंगांना आयतं माहेर होतं. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. आपण तिला नॉन-बीटीचं रान ठेवलं नाही, पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची ती बांधावरच राहायची, आणि वर फरदड (हंगाम संपल्यावरही त्याच झाडांचं पुढचं पीक) घेऊन तिला उन्हाळ्यापर्यंत पोसलं.

---

विरजण (लातूर)

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गोदाकाठ सरांचं बोंडअळीचं विवेचन पूर्ण पटलं, पण मूळ धाग्यातलं शेवटचं वाक्य मला जास्तच ठाम वाटतं. 'कोणता बदल उपयोगी हे पेशीला ठाऊक नसतं', याला निदान एक मोठा अपवाद आहे, आणि तो झाकून ठेवला तर समोरच्या सरांशी प्रामाणिक वाद होणार नाही.

दही-योगर्टच्या विरजणात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस नावाचा जिवाणू वापरतात. विषाणू लागले की दुग्धप्रकल्पातलं विरजण बसतं, त्यामुळं या जिवाणूचा अभ्यास करणाऱ्यांना पैशाचं कारण होतं. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की हल्ल्यातून वाचलेल्या जिवाणूंच्या जनुकसंचात एका ठरावीक जागी त्याच विषाणूच्या डीएनएचे छोटे तुकडे नव्यानं घातलेले असतात. तुकडा काढून टाकला की प्रतिकार जातो, घातला की येतो. आणि तो पुढच्या पिढीला मिळतो. हेच क्रिस्पर. पुढं त्यातून जनुक कापायचं साधन निघालं आणि २०२० चं नोबेल शार्पेंतिए आणि डाउडना यांना मिळालं.

इथं बदल गरजेशी थेट जोडलेला आहे. ज्या शत्रूनं हल्ला केला त्याचीच खूण वंशात लिहिली जाते. काही नामवंत उत्क्रांतिशास्त्रज्ञ याला उघडपणे लामार्कच्या पद्धतीची, म्हणजे जगताना मिळवलेला गुण वंशात उतरण्याची, उत्क्रांती म्हणतात. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात, आणि व्हायलाच हवेत.

दुसरं उदाहरण आपल्याच शरीरातलं. जंतू शिरला की लसिका ग्रंथींत बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपल्या प्रतिपिंडाच्या (जंतूला धरणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात मुद्दाम चुका करतात, नेहमीच्या सुमारे दहा लाख पट वेगानं. चुका होतात त्या जवळपास त्याच जनुकात, इतरत्र फार कमी. म्हणजे 'कुठं' बदलायचं हे पेशीनं ठरवलेलं असतं. 'काय' लिहायचं हे मात्र ठरवलेलं नसतं. बहुतेक चुकांनी प्रतिपिंड बिघडतं आणि त्या पेशी मरतात. ज्यांचं प्रतिपिंड जंतूला जास्त घट्ट धरतं त्या वाढतात. काही दिवसांत चालणारी ही निवड आहे, आणि ती अपत्यांना मिळत नाही.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यातल्या उड्या मारणाऱ्या जनुकांसाठी १९८३ चं नोबेल मिळालं. त्या व्याख्यानात त्यांनी विचारलं होतं की पेशीला स्वतःविषयी किती माहिती असते आणि संकटात ती माहिती कशी वापरते हे शोधायला हवं. असा प्रश्न त्यांच्यासारख्या बाईंनी विचारला असेल तर तो हसण्यावारी नेऊ नये.

---

गोदाकाठ (परभणी)

ताई, क्रिस्परचा मुद्दा मान्य, आणि तो तुम्ही मांडलात हे फार बरं झालं. फक्त एक जोड. तो तुकडा उचलणारी यंत्रणाही चुकते. कधी ती स्वतःच्याच डीएनएचा तुकडा उचलते आणि ती पेशी मरते. हल्ल्यातल्या लाखो पेशींपैकी फारच थोड्यांना योग्य तुकडा मिळतो. म्हणजे यंत्रणा दिशा देते, पण त्या यंत्रणेला धार निवडीनंच आली आहे असं मला दिसतं.

---

रुग्णसेवा (नांदेड)

थोडक्यात. क्षयरोगाचा जंतू आयसोनियाझिडला सुमारे दहा लाखांत एक आणि रिफाम्पिसिनला सुमारे दहा कोटींत एक या प्रमाणात आपोआप प्रतिकारक निघतो, औषध दिलेलं असो वा नसो. दोन्हींना एकदम प्रतिकारक निघायची शक्यता या दोन संख्यांच्या गुणाकारानं खाली जाते. तेवढे जंतू रुग्णाच्या फुप्फुसात नसतात. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात. जंतू गरजेप्रमाणे स्वतःला बदलू शकला असता तर हा गुणाकार फसला असता आणि क्षय बरा झालाच नसता. औषध मधेच सोडू नका असं आम्ही इतकं विनवतो ते याच हिशोबामुळं. हा विषय माझ्यासाठी तात्त्विक नाही.

---

टाळमृदंग (गंगाखेड)

सर्वांना रामकृष्णहरी. मी विज्ञानाचा माणूस नाही, पण सगळं दोनदा वाचलं.

मला त्या गटातल्या सरांचं म्हणणं दुसऱ्याच कारणानं खटकलं. त्यांचा देव कारागीर आहे. बाहेर उभा राहून पेशी घडवणारा, आणि विज्ञानाला जिथं कोडं सुटत नाही तिथंच दिसणारा. आमच्या मातीत देव असा शिकवला गेलेला नाही. जनाबाई आमच्या गावची. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. आपेगावच्या माउलींनी जगाला चिद्विलास म्हटलं, चैतन्याचाच खेळ. खेळात खेळणारा वेगळा काढून दाखवता येत नाही. त्यामुळं अळीच्या पेशीत योजना सापडली नाही म्हणून माझी श्रद्धा कमी होत नाही, आणि सापडली असती तरी वाढली नसती.

पण एक सांगतो. तुम्ही म्हणता निवड होते, जे टिकतं ते उरतं. जगात असे नियम असावेत की ज्यातून दगडमातीपासून जनाबाईपर्यंत सगळं उमलत यावं, हे मला नुसतं घडलेलं वाटत नाही. याचा पुरावा माझ्याकडं नाही. तरी मी हे मनापासून मानतो.

---

प्रयोगवही (छत्रपती संभाजीनगर)

महाराज, तुमचा आदर ठेवून असहमत. 'चैतन्याचा खेळ' म्हटलं की प्रत्येक निकाल त्यात बसतो, आणि जे प्रत्येक निकालात बसतं त्यातून काहीच कळत नाही. तुमच्या घरात ते मवाळ आहे, सार्वजनिक जागी ते मवाळ राहत नाही. जानेवारी २०१८ मध्ये आमच्याच शहरात वैदिक संमेलनाच्या निमित्तानं आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून विरोध करावा लागला. पुढं एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे, तो आहे तोवर नीट शिकवा एवढीच शिक्षकांना हात जोडून विनंती.

---

गोदाकाठ (परभणी)

प्रयोगवही, शाळेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो धडा मी शिकवतो, आणि बोंडअळी घेऊन शिकवतो. मुलांच्या घरात ती बोंडं आलेली असतात, त्यामुळं 'कुणी पाहिलं आहे का' हा प्रश्न वर्गात टिकत नाही.

महाराजांबद्दल मात्र मी तुमच्याइतका कठोर नाही. ईश्वराच्या योजनेचा युक्तिवाद आपल्याकडं नवा नाही. न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी तो जोरदार मांडला: जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा. पण त्याच परंपरेत सांख्य दर्शनाच्या विचारवंतांनी उलट सांगितलं की अचेतन प्रकृतीही हेतू असल्यासारखी चालू शकते, जसं दुधाला काही कळत नाही तरी ते वासरासाठी पाझरतं. आणि कुमारिल भट्टांसारख्या वेद मानणाऱ्या मीमांसकानं (वेदांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितानं) तर जगाचा कर्ताच नाकारला. म्हणजे योजनाकार नाकारला की धर्म बुडाला, ही भीती आपल्या परंपरेला नव्हती. ती आपण अलीकडं उसनी आणली.

उसनी म्हणतो त्याचं कारण आहे. गटावर फिरणारं 'जिवाणूची शेपटी इतकी गुंतागुंतीची की ती टप्प्याटप्प्यानं बनूच शकत नाही' हे अमेरिकेतल्या मायकल बीही यांनी १९९६ मध्ये मांडलं. त्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या बऱ्याच प्रथिनांची भावंडं काही रोगजंतूंच्या सुईसारख्या यंत्रणेत सापडतात, म्हणजे अर्धी यंत्रणाही वेगळ्या कामाची असू शकते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात, शाळेत 'बुद्धिमान योजना' आणण्यावरून, डोव्हरच्या शाळेचा खटला चालला. न्यायाधीशांनी 'बुद्धिमान योजना' हे विज्ञान नव्हे असा निकाल दिला. तिकडं पडलेला युक्तिवाद इकडं वेदांच्या नावानं का चालवायचा?

महाराजांनी सांगितलं ते असं नाही. त्यांनी कुठलीही प्रयोगाची गोष्ट नाकारलेली नाही. नियम का आहेत हा प्रश्न मलाही रात्री पडतो, आणि त्याला ताटली नाही. 'पेशी गरज ओळखून बदलते, म्हणून देव आहे' या वाक्याला मात्र ताटली आहे, आणि त्या ताटलीत ते वाक्य टिकत नाही.

---

टाळमृदंग (गंगाखेड)

कुमारिलांचं मला ठाऊक नव्हतं. वाचीन. पण सर, माझं म्हणणं तिथंच आहे.

---

प्रयोगवही (छत्रपती संभाजीनगर)

माझंही. पण धागा छान चाललाय.

---

काळं रान (मानवत)

सगळं वाचायलोय. माझ्या कामाचं विचारतो. आता पाकिटातच नॉन-बीटी मिसळून यायलंय. ते बरंय का वेगळं पेरलेलं बरं? आणि सगळीच अळी उलटली असंल तर आता त्याचा उपयोग काय?

---

गोदाकाठ (परभणी)

दादा, मिसळलेलं बियाणं सगळ्याच किडींना चालत नाही. अळी एका झाडावरून दुसऱ्यावर फिरणारी असली तर थोडं विष इथं, थोडं तिथं खाऊन ती वाचते. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की सहसा तिथंच राहते, म्हणून तिच्यासाठी मिश्रण चालतं. निदान पुडी बांधावर राहत नाही.

उपयोगाचं विचाराल तर, प्रतिकारक अळी आता इतकी झालीय की एकट्या मिश्रणानं ती मागं हटणार नाही. तिला उपाशी ठेवणं हाच मोठा उपाय. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत रान मोकळं करायचं, फरदड घ्यायचीच नाही, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवायच्या नाहीत, कारण किडक्या बोंडांत अळी झोपून राहते. मान्सूनपूर्व लागवड टाळायची. पातं (फुलाची कळी) लागलं की कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचं ठरवायचं. आणि हे एकट्यानं करून भागत नाही. शेजाऱ्याची पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी असली तर त्याचे पतंग तुमच्या रानात येणारच, त्यामुळं गावात बसून एकदाच ठरवा. जिनिंगच्या (सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या) आवारातही सापळे हवेत, सरकीतून पतंग तिथंच निघतात.